मदत हवी आहे : नववीला ४ तासिकांत होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) आणि त्याआधीचं ज्यू आयुष्य कसं शिकवावं?

फळापुसणं :
नववी, सीबीएसई. ‘नाझीवाद आणि हिटलरचा उदय’ या धड्यात होलोकॉस्टसाठी वेगळ्या ४ तासिका काढता येतील, प्रत्येकी ४० मिनिटांच्या. वर्गात ४६ मुलं. प्रोजेक्टर आहे, पण विजेचा भरवसा नाही, त्यामुळे कागदावर होईल असंच हवंय. शाळा अलिबाग तालुक्यात.

अडचणी तीन. धड्यात ज्यू येतात ते सावकारीच्या शिक्क्यासकट आणि लगेच बळी म्हणून. त्याआधी ही माणसं काय खात होती, कशावरून भांडत होती, काहीच कळत नाही. दुसरं, ‘पण हिटलरची शिस्त भारी होती’ म्हणणारे प्रत्येक तुकडीत दोन-चार असतातच. तिसरं, गॅस चेंबरचं किती सांगायचं?

सध्याचा बेत : पहिला तास हिटलर, दुसरा छावण्या, तिसऱ्याला मुलांना पिवळे तारे लावून एक कृती, चौथ्याला चर्चा. काय बदलू?

शनवारतेल :
क्रमच बदला. पहिल्या तासाला हिटलरचं नावही नको. मुलांनी ज्यूंना पहिल्यांदा नाझींच्या नजरेतून पाहिलं की पुढचे तीन तास ती नजर पुसण्यातच जातात.

तुम्ही अलिबागचे, म्हणजे सुरुवात आयती आहे. फळ्यावर एकच शब्द लिहा : शनवार तेली. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. नावगाव, रेवदंडा मुलांच्या ओळखीचं. मग विचारा, शनिवारी संपूर्ण बंदर बंद राहिलं तर? ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचं बंदर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसंच बंद असे, कारण हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत ज्यूच मोठ्या संख्येने होते. बोलायचे ते लादिनो, म्हणजे जुन्या स्पॅनिशचं एक रूप. कोकणातले मराठी बोलत, वॉर्साचे बहुतेक यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची, जर्मनशी नातं असलेली भाषा), बर्लिनचे जर्मन. ‘ज्यू’ म्हणजे एकच भाषा, एकच तोंडवळा ही समजूत पंधरा मिनिटांत ढिली होते.

यानंतर आकडे. जर्मनीत ज्यू किती टक्के होते याचा अंदाज पाटीवर लिहायला सांगा. मुलं बहुधा मोठा आकडा लिहितात. १९३३ मध्ये ते होते १ टक्क्याहून कमी, साधारण ५ लाख. पोलंडमध्ये सुमारे १० टक्के, १९३९ च्या आसपास ३३ लाख. वॉर्सात तर शहराचा जवळपास तिसरा हिस्सा.

आणि भांडणं जरूर दाखवा. वॉर्सात ‘हाइन्त’ आणि ‘मोमेंट’ ही दोन यिडिश दैनिकं एकमेकांशी स्पर्धा करत. १८९७ ला विल्नात (आजचं विल्नियस) स्थापन झालेला बुंद हा समाजवादी ज्यू पक्ष म्हणे, इथेच राहून हक्क मिळवू. झायनिस्ट म्हणत, पॅलेस्टाईनला जाऊ. धर्मनिष्ठांना दोघेही पसंत नव्हते. एकाच घरात तिन्ही मतं असू शकत. खेळ आवडणाऱ्यांसाठी : व्हिएन्नाचा हाकोआह हा ज्यू क्लब १९२५ ला ऑस्ट्रियाचा फुटबॉल विजेता होता.

जुनाअल्बम :
वरच्याला जोडून, फोटोंची कृती. १२ फोटो, सगळे १९३९ पूर्वीचे, ए-४ वर. ४६ मुलांचे १० गट चौघांचे आणि २ तिघांचे. सेन्ट्रोपा या व्हिएन्नाच्या संस्थेने मध्य आणि पूर्व युरोपातल्या १२०० हून अधिक ज्यू वृद्धांच्या मुलाखती घेऊन त्यांचे घरगुती फोटो जमवलेत. फोटोत कोण, कुठे, कशासाठी हे त्या माणसाच्या तोंडूनच कळतं. त्यातली पंचवीस-तीस शब्दांची ओळ मराठीत करून मागच्या बाजूला चिकटवा.

पहिली १० मिनिटं फोटो उलटायचा नाही. फक्त दिसतं ते लिहायचं : कपडे, हात कुठे आहेत, कोण कोणाकडे बघतंय, मागे दुकान की बाग. नंतर मागची ओळ वाचायची. एक गोष्ट मात्र हमखास बिघडते. एखादा विचारतो ‘यातलं कोण मेलं?’ आणि सगळा वर्ग फोटोतल्या माणसांना मेलेली समजून पाहू लागतो. ‘ते चौथ्या तासाला’ एवढंच सांगून पुढे जा, आणि चौथ्या तासाला खरंच सांगा.

फोटो निवडतानाची गोम : शोधल्यावर आधी सापडतात ते रोमन विश्नियॅक या छायाचित्रकाराचे, दाढीवाले म्हातारे आणि भुकेली मुलं. फोटो उत्तमच आहेत. पण १९३५ ते १९३८ च्या त्या कामाचा हेतू होता गरिबांसाठी निधी उभारणं. बारात एकच ठेवा आणि तो कशासाठी काढला हे सांगा. बाकी सहलीचे, लग्नाचे, शाळेचे, बर्फात खेळतानाचे.

वळीवडेकर :
एक आधीच सांगून ठेवतो, कारण मराठी लेखांत ही चूक सतत दिसते. कोल्हापूरजवळच्या वळीवड्याची पोलिश छावणी (१९४३ ते १९४८, सुमारे ५ हजार माणसं) होलोकॉस्टमध्ये जोडू नका. ती बहुतांशी कॅथलिक पोलिश कुटुंबं होती. त्यांना सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलं होतं. जामनगरजवळच्या बालाचडीच्या पोलिश मुलांच्या छावणीचंही तेच. खरा दुवा हवा तर आकाशवाणीची ती पहाटेची धून वाजवा. तिचं श्रेय वॉल्टर काउफमन यांना दिलं जातं : कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार, १९३४ ला मुंबईत आले.

फळापुसणं :
पहिला तास ठरला. पण पिवळ्या ताऱ्याचं काय? मुलांना ‘जाणवावं’ म्हणून ठेवलंय. आणि शिस्तीवाल्यांना काय उत्तर देऊ?

पाढे_पंचावन्न :
तारे नकोत. कोपऱ्यात दाटीने उभं करणं नको, अंधार नको, मारलेल्या ६० लाख ज्यूंचे म्हणून दाणे मोजणं नको. कारण साधं आहे. मुलाला घंटा झाली की सुटका आहे हे ठाऊक असतं, म्हणजे जे जाणवतं ते खोटं. वर कुणाला तरी पहारेकरी करावं लागतं आणि त्याला मजा येते. ज्या मुलाला वर्गात आधीच जातीवरून किंवा धर्मावरून चिडवतात, तारा लावायला नेमकं तेच पुढे ढकललं जातं.

त्याऐवजी जर्मनीतल्या हुकमांची ८ कार्डं करा, तारखा न लिहिता, आणि क्रम लावायला द्या : सरकारी नोकरीतून बडतर्फी (एप्रिल १९३३), नागरिकत्व काढणारे न्यूर्नबर्ग कायदे (सप्टेंबर १९३५), नावापुढे ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’ लावायची सक्ती (ऑगस्ट १९३८), पासपोर्टवर लाल ‘जे’, म्हणजे ‘ज्यू’ या जर्मन शब्दाचं आद्याक्षर (ऑक्टोबर १९३८), सरकारी शाळांतून मुलांना काढणं (नोव्हेंबर १९३८), रेडिओ जप्त (सप्टेंबर १९३९), पिवळा तारा (सप्टेंबर १९४१), पाळीव प्राणी ठेवायला बंदी (मे १९४२). बहुतेक गट तारा अगदी आधी ठेवतात. तो आठ वर्षांनंतर आला हे कळल्यावर वर्ग गप्प होतो.

नुसता क्रम लावला तर कोडं होऊन जातं. म्हणून प्रत्येक कार्डाखाली एक ओळ भरून घ्या : हे प्रत्यक्षात कोणी केलं? कारकून, मुख्याध्यापक, टपालवाला, शेजारी. शिस्तीवाल्यांना उत्तर इथेच मिळतं, वेगळं भाषण लागत नाही. ‘हिटलरने मोठे रस्ते बांधले’ हा मुद्दा निघालाच तर कोलोन-बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ लाच खुला झाला होता, हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ३३ टक्के मतं होती. हे सगळं अटळ होतं असं मुलांच्या मनात राहू देऊ नका.

शनवारतेल :
तिसऱ्या तासासाठी शब्द आधी नीट करून घ्या. मराठीत आपण सगळ्यालाच ‘छळछावणी’ म्हणतो. डाखाउ (मार्च १९३३) छळछावणी होती. ट्रेब्लिंका ही संहारछावणी : गाडीतून उतरलेल्यांपैकी बहुतेकांना काही तासांतच मारत. आणि लाखो लोक छावणीपर्यंत पोचलेच नाहीत. कीवजवळच्या बाबी यार इथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसांना गोळ्या घातल्या. गॅस चेंबरबद्दल एवढंच : होते, कुठे होते, कोणी चालवले. तपशिलात शिरू नका. मृतदेहांचे फोटो नकोतच. हात वर केलेल्या त्या मुलाचा वॉर्साचा फोटो दाखवलात तर तो नाझी अधिकारी श्ट्रोपच्या अहवालातला आहे, कॅमेरा मारणाऱ्यांचा होता, हे सांगा.

चौथ्या तासाला दुधाचा कॅन. खराच आणा, डेअरीतला चालेल. वॉर्साच्या घेट्टोत (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त दप्तर जमवलं : रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, खाऊच्या गोळ्यांची वेष्टणं, मुलांचे निबंध, विनोदसुद्धा. पत्र्याच्या १० पेट्या आणि दुधाचे २ कॅन जमिनीत पुरले. पेट्या १९४६ ला सापडल्या, कॅन १९५० ला. याशिवाय पुरलेला तिसरा साठा आजवर सापडलेला नाही. मग पहिल्या तासाचे फोटो परत वाटा आणि प्रत्येकाच्या मागे दुसरी ओळ चिकटवा : या माणसाचं पुढे काय झालं. वाचलेलेही असू देत.

हातमागावरचा :
स्वस्तिकाचा प्रश्न येणारच. जर्मन शब्द हाकेनक्रॉइत्स, म्हणजे हुकासारख्या वाकड्या टोकांचा क्रूस. दोन वाक्यांत मिटवा, नाहीतर तास त्यातच जाईल.
‘आर्य म्हणजे आपणच ना?’ हाही येतो. त्यावर रोमा (युरोपात ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत) लोकांचे आकडे म्हणून दाखवा : येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज. भाषा आपल्याच कुळातली, आणि नाझींनी किमान अडीच लाख रोमा मारले.

फळापुसणं :
तारे रद्द. आठ कार्डं १२ गटांना म्हणजे ९६ तुकडे. ए-४ चे आठ भाग केले तर गटाला एक पान, १२ पानांत काम होईल. ‘कोणी केलं’साठी कार्डावर जागा ठेवू की वेगळा कागद?

पाढे_पंचावन्न :
वेगळा कागद. कार्डं जाड कागदावर छापा आणि गटवार रबर लावून ठेवा, पुढच्या तुकडीला चालतील. आणि वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, मुलं मागचंच वाचत बसतात.