मदत हवी आहे: हिरड्याच्या अर्काने कॅन्सर सेल मरायच्या ऐवजी वाढल्यासारख्या दिसतायत!

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एमएस्सी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला हिरडा घेतलाय. फळं राधानगरीकडच्या आमच्या गावातनं आणली, सावलीत वाळवली, साल कुटून सॉक्सलेटला (अर्क काढायचं काचेचं उपकरण) मेथनॉलमध्ये लावली, रोटरीवर आटवल्यावर काकवीसारखा चिकट गोळा मिळाला तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. सेल एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या), पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतनं आणलेल्या. ९६ वेल म्हणजे खळग्यांची प्लेट, डोस १० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४८ तास, मग एमटीटी (जिवंत सेल किती ते जांभळ्या रंगावरनं मोजायची टेस्ट). डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत आहे आणि त्याचा कंट्रोलपण वेगळा ठेवलाय, तेव्हा ते विचारू नका.

तर घोळ असा की २०० च्या वेलमध्ये ५७० नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग कंट्रोलपेक्षा जास्त, हिशोब केला तर जिवंत सेल १३४ टक्के! म्हणजे अर्क पिऊन पोसल्या की काय. पण त्याच वेल मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर सेल गोल होऊन सुटून तरंगतायत, तळाला चिकटलेली एखादीच. तीन प्लेटा झाल्या, तिन्हीत तेच. सर म्हणतात पिपेटिंग सुधार. आणखी एक, एमटीटी टाकून ४ तास ठेवायचं असतं पण या वेल १०-१५ मिनिटांतच जांभळ्या व्हायला लागतात.

त्यात घरी वेगळीच तऱ्हा, आत्यानं गल्लीभर सांगून ठेवलंय की आमचं पोरगं कॅन्सरवर औषध काढतंय, परवा एक काका पावडर मागायला आले, त्यांच्या घरात पेशंट आहे. काकांना म्हटलं, प्लेटमध्ये मीठ जास्त झालं तरी सेल मरतात ओ, डॉक्टरांचे उपचार तेवढे थांबवू नका. काकांचा चेहरा बघवला नाही.

प्रतिसाद १:
पिपेटिंग नाही रे भावा, हिरडा आहे हा. पिवळ्या एमटीटीचा जांभळा फॉर्माझान जिवंत सेलची एन्झाइम्स करतात हे खरं, पण हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि पॉलिफेनॉलसुद्धा तेच करतात, त्यांना सेल लागतच नाही. एक प्लेट सेल न टाकता लाव, नुसता मीडिया (सेल वाढवायचं द्रव), अर्क आणि एमटीटी. जांभळं झालं की समजून जा. पुढच्या वेळी एमटीटीच्या आधी अर्काचा मीडिया काढून पीबीएसनं (खारट बफरनं) हलक्या हातानं धू, आणि जोडीला एसआरबी टेस्ट कर, त्यात रंग सेलच्या प्रोटीनला बसतो, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात औषधांचं स्क्रीनिंग त्यावरच करतात.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण सेल मेल्या म्हणून लगेच पेढे वाटू नकोस. कोल्हापुरी चपलेचं कातडं कशात कमावतात? बाभळीची साल आणि हिरडा. टॅनिन प्रोटीनला धरतं म्हणून कातडं टिकतं, २०० च्या डोसला तुझ्या सेलचंपण तेच झालं असेल, त्यात कॅन्सरचा काही संबंध नाही. नॉर्मल सेल लाइनवर तोच डोस दे, त्यापण मेल्या तर ते नुसतं विष. आणि पॉलिअमाइडच्या (टॅनिन धरून ठेवणाऱ्या पावडरच्या) कॉलममधून टॅनिन काढून उरलेला अर्क परत तपास.

धागाकर्ता:
लई आभार! आज बिनसेलची प्लेट लावली, चहा पिऊन येईस्तोवर २०० ची रांग जांभळी. तिन्ही प्लेटा पाण्यात गेल्या. सरांना फोटो पाठवलाय, अजून निळी टिक आलेली नाही. कॉलमला पॉलिअमाइड कोणाकडं थोडं शिल्लक असलं तर व्यनि करा, २०-२५ ग्रॅम पुरे, येऊन घेऊन जाईन.