होडीसाठी वाकडी बाभूळ नाशिकमध्ये कुठे मिळेल?

गोदाकाठचा_फिटर
नमस्कार मंडळी. मी अंबडला टूलरूममध्ये आहे, आजोळ दाभोळ खाडीकाठचं. थोरले मामा लाकडी होड्या बांधतात. खाडीत आता बहुतेक फायबरच. दोन वर्षांनी मामांकडे नव्या लाकडी होडीचं काम आलंय, २२ फुटी. फळ्यांना साग मिळाला. अडलंय ते आतल्या बरगड्यांवर.

त्या बाभळीच्या हव्यात, आणि लाकूड मुळातच वाकलेलं हवं. सरळ ओंडक्यातून गोलाई कापली की लाकडाच्या रेषा मधेच तुटतात आणि लाटेचा मार बसला की तिथंच तडकतं. मागच्या होडीला नाइलाजाने तशा तीन घातल्या, पहिल्याच हंगामात दोन फाटल्या. मामांनी पैसे न घेता बदलून दिल्या, पण कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

कोकणात बाभूळ कमी. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामा इकडे आले तेव्हा सिन्नरपासून एसटीच्या खिडकीतून बांधावरची झाडं बघत होते. "ती बघ, ती नाळेकडची. ती मधली." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मला नुसती बाभूळ दिसत होती. त्यांनी प्लायचे सात फर्मे करून दिलेत, फांदीला टेकवून बघायचे. कुणाकडे तोडायची किंवा पडलेली बाभूळ आहे का? कुठल्या वखारीत विचारू?

करवतवाला
दादा, वखारीत शोधू नका. वाकडा ओंडका करवतीवर परवडत नाही, तो सरपणात जातो. सरपणवाल्यांनाच सांगून ठेवा. लालसर गाभा तेवढा घ्या. बाहेरचं पांढरं लाकूड अजिबात नको, त्याला भुंगा लागतो. आणि तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, जिल्ह्याबाहेर न्यायचंय तर वाहतुकीच्या परवान्याचंही.

निफाडची_ताई
भाऊ, आमच्या विहिरीजवळची बाभूळ अवकाळीत पडलीय. चांगली मांडीएवढी फांदी आहे, कोयत्यासारखी वळलेली. सासरे म्हणतात, पूर्वी नांगरासाठी असं लाकूड सुताराकरता राखून ठेवायचे. रविवारी फर्मे घेऊन या. पैसे नकोत.

सह्याद्री_भटक्या
नौदलाची 'कौंडिण्य' नौका आठवली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधली, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. चित्र होतं, पण शिवणारे हात केरळात बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांकडे टिकून होते, म्हणून जमलं. तुमच्या मामांच्या हाताखाली कोणी शिकतंय का?

गोदाकाठचा_फिटर
ताई, मामांना आत्ताच फोनवर सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "कोयत्यासारखी म्हणजे किती?" रविवारी आठला पोचतो.

भटक्यादादा, कोणी नाही. मामेभाऊ चिपळूणला नोकरीला आहे. मी फर्म्यांची मापं कागदावर उतरवून घेतली, तर मामा म्हणाले, हे कागद फळीवर चालत नाहीत. प्रत्येक होडीची गोलाई ते दोरी लावून नजरेने ठरवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची डागडुजी चालते. त्या काळात पंधरा दिवस रजा टाकतोय. पहिल्या दिवशी नुसती वाकसच (लाकूड तासायचं हत्यार) चालवायची, असं त्यांनी बजावलंय.

करवतवाले दादा, वनखात्याच्या कार्यालयात उद्याच जातो. ताई, फांदी कापायला घेऊ नका, आधी फर्मा लावून बघू.