चर्चा: प्रॅक्टिकलचे तास क्लासला दिले. ही सायन्सची तयारी, की फक्त परीक्षेची?

फिजिक्सच्या बाई (डिचोली)

डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी 22 वर्षं फिजिक्स शिकवते. या वर्षी अकरावीच्या वेळापत्रकातले प्रॅक्टिकलचे तास गेले आणि त्या जागी बाहेरच्या कोचिंग क्लासचे शिक्षक आले. पालकांची मागणी होती, व्यवस्थापनाने मान्य केली. प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर एकदम उरकायचं ठरलं आहे. मीटिंगमध्ये मी विरोध केला आणि एकटी पडले, म्हणून इथे मांडते.

मागच्या आठवड्यात बारावीच्या एका मुलाच्या हातात व्हर्निअर (बारीक जाडी-व्यास मोजायचं साधन) दिला. क्लासच्या सराव परीक्षेत हा वर्गात पहिला येतो. व्हर्निअरवरचं गणित कागदावर दिलं तर अर्ध्या मिनिटात सोडवतो. लोखंडी गोळीचा व्यास मोज म्हटलं, तर त्याने आधी विचारलं, "बाई, उत्तर किती यायला पाहिजे?" झिरो एरर, म्हणजे काहीही न मोजता साधन शून्याऐवजी दुसरा आकडा दाखवतं ती चूक, त्याला तोंडपाठ होती. हातातल्या व्हर्निअरला ती होती, आणि त्याला दिसली नाही.

कोविडच्या आधी एकदा मी मुलांना खाजनाच्या मानशीपाशी, म्हणजे खाडीकाठच्या बांधाच्या शेतात भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी नेलं होतं. काठीवर खुणा करून पाण्यात रोवली आणि दर 15 मिनिटांनी पाण्याची उंची लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेलो तर भरती अजून यायची होती. पाणी माथ्यावर आलं ते आदल्या दिवशीपेक्षा जवळजवळ 50 मिनिटं उशिरा. का, ते मी सांगितलं नाही. एका मुलीचे आजोबा मासे पागायला जात. ती म्हणाली, "चंद्रपण रोज उशिरा उगवतो ना, बाई." तिथून आम्ही आलेखावर आलो, आलेखावरून साइनच्या वक्रावर. त्या वर्गाला आवर्त गती पुन्हा शिकवावी लागली नाही.

माझं म्हणणं एवढंच. शाळेच्या वेळेत क्लास नको. नववीपासून आठवड्यातून एकदा सलग दोन तास प्रयोगशाळा हवी, आणि जर्नलमध्ये मुलाने स्वतःला आलेलंच रीडिंग लिहायचं, मग ते चुकलेलं का असेना.

वास्कोचा बाबा

बाई, मानशीची गोष्ट वाचून बरं वाटलं. माझ्या शाळेत असं कोणी नेलं नाही. तरीही मी तुमच्या विरोधात आहे. अशी मागणी करणाऱ्या पालकांपैकीच मी एक. आमची शाळा वेगळी, एवढंच.

एनआयटी आता कुंकळ्ळीला स्वतःच्या जागेत आली आहे. तिथल्या निम्म्या जागा गोव्याच्या मुलांसाठी असतात, पण आत जायला जेईई मेनच लागते. फर्मागुडीच्या आयआयटीत तर गोव्याला वेगळा कोटाच नाही. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजमध्ये 85 टक्के जागा राज्याच्या, त्याही नीटच्या मेरिटवर. नीटला 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट, चुकला तर एक गुण वजा. हे सरावाशिवाय होत नाही. जर्नल तिथे कोणी उघडून बघत नाही.

दुसरी गोष्ट थोडी घरातली. माझी मोठी मुलगी शाळा सुटल्यावर वास्कोहून मडगावला क्लासला जायची. घरी यायला साडेआठ-नऊ. जेवताना पेंगायची. धाकटीच्या शाळेत आता आतच क्लास आहे. ती साडेपाचला घरी असते, आईशी दोन शब्द बोलते, वेळेत झोपते. तुम्ही शाळेतला क्लास बंद केलात तर क्लास संपणार नाहीत, ते मडगाव-पणजीला जातील. ज्यांच्याकडे गाडी आणि पैसा आहे त्यांची मुलं जातील. मागे राहील ते तुमच्याच तालुक्यातलं, बसची वाट बघणारं मूल.

वर्कशॉप

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची लॅब बघतो. दोघांनाही थोडं दुखेल असं लिहितो.

बाबा, चांगला रँक घेऊन आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला कुठे अडतात ते मी दरवर्षी पाहतो. चार पर्याय नसलेला प्रश्न समोर आला की त्यांचा हात थांबतो. पर्यायांत एकक बघून दोन खोडायचे, उरलेल्यांत किंमत घालून बघायची, ही सवय दोन वर्षं मुरलेली असते. आमच्याकडे पर्याय नसतात. सर्किट जोडलं आणि मीटर हलला नाही, तर चूक वायरीत आहे, मीटरमध्ये आहे की माझ्या डोक्यात, हे एकेक करून शोधायचं असतं. मागच्या सेमिस्टरला एक मुलगा यापायी रडला. हुशार मुलगा. बारावीपर्यंत त्याचं काहीच कधी बिघडलं नव्हतं, कारण बिघडेल असं काही त्याच्या हातात कोणी दिलंच नव्हतं.

पण बाई, जे तास गेले म्हणून तुम्ही हळहळता, ते बऱ्याच शाळांत तसेही मेलेलेच होते. मी स्वतः मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल उतरवून पास झालो. ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी) चौघांत एक, त्यातला एकच हुशार मुलगा ती धरायचा, बाकीचे तिघे आकडा लिहून घ्यायचे. असे दोन तास परत मिळाले तरी फरक पडणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक (पेडणे)

माशेलला जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत मराठी शाळेत शिकले. मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद पेटवून दाखवणाऱ्या भावे सरांची आठवण ते किती ठिकाणी सांगतात! एक भिंग, एक कागद आणि ऊन. खर्चाचं कारण मला पटत नाही.

आज तर पैसाही येतो. सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्सची केअर्स योजना 2021 पासून आहे. अटल टिंकरिंग लॅबला केंद्राकडून 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आमच्याकडे पोरं आठवीपर्यंत उत्साहाने गाडी बनवायची, दिवा लावायची. नववीत गेली की "आता बोर्ड जवळ आलं" म्हणून आम्हीच त्यांना तिथून उठवायचो. मीही उठवलं आहे. ती चूक मला आजही टोचते.

वास्कोचा बाबा

सर, माशेलकरांच्या वेळी नीट आणि जेईई नव्हत्या.

सत्तरीकार

तुम्ही सगळे अकरावीवर भांडता आहात. आमच्याकडची मुलं त्याआधीच गळतात.

मी केरीकडचा. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा. पाचवीपासून सगळं इंग्रजीत. वजन आणि वस्तुमान यांत काय फरक हे कोणी सांगण्याआधीच वेट आणि मास आले. 'डेन्सिटी' हा शब्द मी नववीपर्यंत पाठ केलेला होता. घनता म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत होतं, नारळ तरंगतो आणि दगड बुडतो हे नदीवर बघितलंच होतं. या दोन गोष्टी एकच आहेत, हे मात्र कोणी सांगितलं नाही. पाचवी ते आठवी ही चार वर्षं मी मान हलवत बसलो. शिक्षकांना वाटायचं, समजतंय.

नववीत एक सर आले. ते कोंकणीत समजावायचे, मराठीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर इंग्रजीतच लिहून घ्यायचे. मोडकंतोडकं चालेल, पण वाक्य स्वतःचं पाहिजे. त्या एका वर्षावर मी उभा राहिलो. आता एनआयटीत तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याबरोबर पाचवीत बसलेल्यांपैकी सायन्सला आम्ही दोघंच गेलो. बाकीच्यांना सायन्स झेपलं नाही असं गाव म्हणतं. त्यांना इंग्रजी झेपलं नव्हतं. कोणाची काही फिकीर करायची असेल तर पाचवीत करा.

आणि बाबा, तुमचं एक खरं आहे. हायर सेकंडरीत क्लास नसता तर मला जेईई जमली नसती. वाळपईहून शाळा सुटल्यावर पणजीला जाऊन रात्री परत यायला बसच नाही.

डिप्लोमावाला

या धाग्यावर सायन्स म्हणजे एनआयटी नाहीतर बांबोळी. मी दहावीनंतर मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकला गेलो तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. 75 टक्के असून पॉलिटेक्निक? आत्या तर आईला समजवायला आली होती.

तीन वर्षं मशीनवर हात काळे केले. आज वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिग्री करायची असेल तर डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, माझे दोन मित्र गेले. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही आपली स्थानकं तिथून चालतात. तिथे शास्त्रज्ञांबरोबर जनरेटर सांभाळणारा, गाड्या दुरुस्त करणारा, वेल्डिंग करणारा माणूसही जातो. तो नसेल तर त्या थंडीत शास्त्रज्ञ एक दिवस राहू शकणार नाही. हे दहावीच्या मुलांना शाळेत कधी सांगता?

काणकोणची आई

मी जास्त शिकलेली नाही, पण विचारते. मुलगी दहावीत असताना आमच्याशी कोणी का बोललं नाही?

गणितात मार्क कमी आले म्हणून तिने अकरावीला गणित सोडलं आणि बायो ठेवलं. शाळेने एक फॉर्म दिला, आम्ही सही केली. बारावीनंतर ती दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्थेत जाऊन आली आणि परत आल्यापासून एकच धोशा, मला लाटा आणि प्रवाह यांचा अभ्यास करायचा आहे. तिथे कळलं की त्याला फिजिक्स आणि गणित लागतं. त्या फॉर्मवर सही करताना आम्हाला हे माहीत नव्हतं. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करता येईल असं आता सांगतात, ती तयारही झाली आहे. पण तिला तेच हवं होतं असं नाही.

पैशाचंही तेच. शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज मिळतं हे मला शेजारणीकडून कळलं. प्रयोगशाळा काढा, क्लास काढा, पण दहावीच्या निकालाआधी एक दिवस आईबापांना बोलावून कुठला विषय सोडला की कुठला दरवाजा बंद होतो, एवढं सांगा.

फिजिक्सच्या बाई (डिचोली)

ताई, तुमची मुलगी माझ्या वर्गात असती तर मीही तो फॉर्म तसाच गोळा केला असता. शिक्षक म्हणून हे मान्य करते. फॉर्म आमच्या हातून जातात, आणि ते भरण्याआधी मुलांशी एक तास बोलायला आम्हाला कोणी अडवलेलं नाही.

सत्तरीकार, बसचं तुझं म्हणणं ऐकून माझी पहिली मागणी मी बदलते. क्लास शाळेच्या इमारतीत असू दे, पण शेवटच्या दोन तासिकांनंतर. प्रयोगशाळेचा वेळ मात्र मी सोडणार नाही.

आणि वर्कशॉप, जर्नलबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मीसुद्धा पंधरा-सोळा वर्षं उतरवलेली जर्नलं तपासून लाल शाईने सही केली. अलीकडे एक बदल केला आहे. दोघांत एक साधन, आणि दोघांची रीडिंग तंतोतंत सारखी आली तर प्रयोग पुन्हा. पहिल्या महिन्यात मुलं चिडली. नंतर एकाने येऊन विचारलं, "आमचं दोघांचं वेगळं आलंय, यातलं खरं कुठलं?" त्या दिवशी मी पुढचा धडा घेतला नाही, तासभर फक्त या प्रश्नावर बोललो.

वास्कोचा बाबा

शेवटच्या तासिकांनंतर क्लास ठेवला तर शाळेची बस निघून जाते. आमच्याकडे तोच प्रश्न आहे. कागदावर सोपं दिसतं.

मत बदललेलं नाही. जेईई आहे तोवर मी मुलीला क्लासमधून काढणार नाही, आणि शाळेतल्या शाळेत तो मिळतो याबद्दल शाळेचा ऋणीच आहे. पण काल रात्री हा धागा वाचून धाकटीला विचारलं की टायट्रेशन (ब्युरेटने करायचा केमिस्ट्रीचा प्रयोग) केलंस का? म्हणाली, "प्रश्न सोडवलेत, ब्युरेट अजून हातात घेतली नाही." बारावीत आहे ती. मला झोप लागली नाही.

रविवारी तिचा क्लास नसतो. तुमच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या शाळेची मुलगी आलेली चालेल का?

फिजिक्सच्या बाई (डिचोली)

व्यवस्थापनाला विचारावं लागेल, सोमवारी विचारते. केमिस्ट्रीच्या बाईंनाही बोलावून घेते, ब्युरेट त्यांच्या कपाटात आहेत. तोपर्यंत तिला घेऊन खारीवाड्याच्या जेटीवर जा. खांबावर पाणी कुठवर चढलंय ते दर 15 मिनिटांनी लिहायला सांगा, दोन दिवस. वही तिची तिनेच लिहायची.