अनुभव धागा: कालपर्यंत दिसणारा स्कॅनर आज कॉम्प्युटरला दिसेना

वायरपुराण
कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाटी लागलीय, "स्कॅन बंद आहे". मशीन चालू, प्रिंट धडाधड निघतायत, फक्त स्कॅन बंद. ती पाटी बघून जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा. ज्याला जे सापडलंय ते टाका. नुसतं "अनइन्स्टॉल करून परत टाका" नको, का ते पण लिहा.

सुरुवात माझ्याकडून. बहुतेक वेळा स्कॅनर धडधाकट असतो, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) बदललेला असतो. राउटर पत्ते ठरावीक मुदतीने वाटतो. लाइट जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, की काल १९२.१६८.१.४ वर असलेला स्कॅनर आज १९२.१६८.१.९ वर. ड्रायव्हर (कॉम्प्युटरला स्कॅनरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) बसलाय जुन्याच दाराची कडी वाजवत.

स्कॅनरच्या पडद्यावर नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी बघा. पडदा नसेल तर नेटवर्क रिपोर्ट छापा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या आकड्याला पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी विचारणा. उत्तर आलं तर वायर-वायफाय सुटले, दोष ड्रायव्हर किंवा फायरवॉलचा (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी). नाही आलं तर ड्रायव्हरला हात लावू नका, आधी रस्ता बघा.

कायमचा इलाज राउटरमध्ये. स्कॅनरचा मॅक अ‍ॅड्रेस (मशीनची ओळख, १२ अंकाक्षरं, रिपोर्टवर असतो) घेऊन अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन करा, म्हणजे दर वेळी त्याला तोच पत्ता मिळतो. स्कॅनरवरच हाताने पत्ता टाकणार असाल तर राउटरच्या वाटपाबाहेरचा घ्या. राउटर .२ ते .९९ वाटत असेल तर .२००. नाहीतर एखाद्या संध्याकाळी पाहुण्याच्या मोबाइलला तोच पत्ता मिळतो आणि दोघंही लटकतात.

खटपट्या
पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो राउटरने दिलेलाच नाही, मशीनने स्वतःच घेतलाय. लाइट आली की स्कॅनर अर्ध्या मिनिटात जागा, राउटरला दोन-तीन मिनिटं. काही मशीनं तेवढी वाट बघत नाहीत. राउटर पूर्ण चालू झाला की मग स्कॅनर बंद-चालू. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा प्रकारच मिटतो. लेझर मशीन मात्र घरगुती इन्व्हर्टरवर टाकू नका, फ्यूजर (कागदावर टोनर वितळवून बसवणारा भाग) तापताना करंट फार खेचतं.

दुपारचा_चहा
प्रिंट होतंय म्हणजे नेटवर्क ठीकच ना? मग स्कॅन का नाही? हे मला कोणीतरी सरळ मराठीत सांगा. कुकर लावून आले.

पोर्टवाला_काका
कुकर होईस्तोवर सांगतो, ताई. प्रिंटला बहुतेक मशीनं ९१०० नंबरचं पोर्ट (नेटवर्कवरचं नंबर असलेलं दार) वापरतात. कॉम्प्युटर फाइल ढकलतो, काम संपलं. स्कॅनचा रस्ता वेगळा, ड्रायव्हरही वेगळा. विंडोज आपणहून जो ड्रायव्हर टाकतं तो बऱ्याचदा फक्त प्रिंटचा असतो. कंपनीच्या साइटवरून "फुल पॅकेज" घ्यायचं, "बेसिक" नाही.

शोधाशोधही वेगळी. "इथे कोणी स्कॅनर आहे का?" अशी हाक सगळ्या नेटवर्कला मारली जाते, यूडीपी प्रकारच्या ३७०२ किंवा ५३५३ पोर्टवर. ब्रदरच्या मशीनना ५४९२५ सुद्धा लागतं. अँटिव्हायरससोबत आलेल्या फायरवॉलने हे अडवलं तर हाक पोचतच नाही. पाच मिनिटं फायरवॉल बंद करून बघा. दिसला तर तेवढ्या पोर्टना परवानगी द्या आणि फायरवॉल परत चालू. बंद ठेवून झोपू नका.

निवांत_नागपूरकर
+१. आणि ते पब्लिक-प्रायव्हेट! राउटर बदलला की विंडोज नवं नेटवर्क पब्लिक धरतं, शोध बंद. सेटिंगमध्ये प्रायव्हेट करा. दहा सेकंदांचं काम आहे बाप्पा, लोक दोन दिवस घालवतात.

दुपारचा_चहा
काका, प्रायव्हेट केलं आणि दिसला!! दोन शिट्ट्यांत काम झालं.

पोर्टवाला_काका
श्रेय नागपूरला द्या :)

डबल_राउटर
घरोघरी सध्या हीच भानगड. फायबरवाल्याचा डबा एक, आपला जुना राउटर दुसरा, दोघंही पत्ते वाटतायत. लॅपटॉप १९२.१६८.०.१२, स्कॅनर १९२.१६८.१.९. तिसरा आकडा वेगळा म्हणजे वेगळी गल्ली (घरगुती राउटरवर तरी). गंमत अशी की आतल्या राउटरवरून बाहेरच्या स्कॅनरला पिंग जातं, म्हणून माणूस ड्रायव्हर बडवत बसतो. पण काकांनी सांगितलेली ती हाक राउटर ओलांडत नाही. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका (मग तो फक्त वायफाय देतो, पत्ते वाटत नाही). तो पर्याय नसेल तर त्याचं पत्तेवाटप बंद करा, त्याला मोकळा पत्ता द्या आणि फायबरच्या डब्याकडून येणारी वायर वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा.

गेस्ट वायफायवरूनही दिसणार नाही, तिथली यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. ऑफिसचा व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा बोगदा) चालू असेल तर तोही आधी बंद करा.

सातबारा
कोणाकडे फोल्डरमध्ये स्कॅन जायचं बंद झालंय का? मशीनवरच बटण दाबायचं, फाइल थेट पीसीत. आता "लॉगिन एरर".

पोर्टवाला_काका
पीसी नवा घेतला का? जुनी मशीनं एसएमबी१ (नेटवर्कवरच्या फोल्डरात फाइल टाकायची जुनी भाषा) बोलतात. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये त्याची फाइल घेणारी बाजू येतच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने त्याच वाटेने धुमाकूळ घातला होता, त्यामुळे परत चालू करा असं मी सांगणार नाही. मशीनचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून एसएमबी२ किंवा ३ येतं का बघा. नसेल तर पीसीवर छोटा एफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल घेणारा प्रोग्रॅम), फक्त आतल्या नेटवर्कपुरता.

मशीन नवं असेल तर पासवर्ड तपासा. विंडोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही. "स्कॅन" नावाचा लोकल युजर काढा, खरा पासवर्ड द्या, फोल्डरला शेअरिंग आणि सिक्युरिटी दोन्ही टॅबमध्ये लिहायची परवानगी द्या. एकाच टॅबमध्ये दिली की हमखास अडतं.

सातबारा
सिक्युरिटी टॅब राहिला होता! आला पहिला स्कॅन. पण त्यावर उभी काळी रेघ आहे, ती का?

मॅकवाली
रेघेचं कोणीतरी बघा, मी मूळ विषयावर. ड्रायव्हर न लावता तपासायचं असेल तर ब्राउझरमध्ये स्कॅनरचा आयपी, पुढे तिरकी रेघ, ईएससीएल (ई लहान, बाकी तीन कॅपिटल), तिरकी रेघ, स्कॅनरकॅपॅबिलिटीज (एस आणि सी कॅपिटल, मध्ये जागा नाही). कंसाकंसांचा मजकूर उमटला की मशीनला एअरस्कॅन (ड्रायव्हरविना स्कॅन) येतं. मग मॅकवर इमेज कॅप्चर पुरतं, लिनक्सवर सेन-एअरस्कॅन. काही मशीनच्या वेबपानावर एअरप्रिंट बंद केलेलं असतं, ते चालू केलं की उत्तर येतं.

जुनं_ते_सोनं
माझ्या मशीनचा ड्रायव्हर कंट्रोल पॅनलात दिसतो, स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. ह्याला काय म्हणायचं?

खटपट्या
ट्वेनचा (स्कॅनर आणि सॉफ्टवेअर जोडायची एक पद्धत) ड्रायव्हर ३२ बिटचा आणि सॉफ्टवेअर ६४ बिटचं असेल तर एकमेकांना दिसत नाहीत. सॉफ्टवेअरची ३२ बिट आवृत्ती लावा किंवा त्यात ट्वेनऐवजी डब्ल्यूआयए (विंडोजची स्वतःची पद्धत) निवडा. नॅप्स२ हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात दोन्ही चालतं. ड्रायव्हरच मिळत नसेल तर व्ह्यूस्कॅन, विकत आहे पण जुन्या मशीनना चालतं. त्याआधी सर्व्हिसेसमध्ये "विंडोज इमेज अ‍ॅक्विझिशन" रिस्टार्ट करा, ती झोपली की सगळेच स्कॅनर गायब.

निवांत_नागपूरकर
सर्व्हिस पण वामकुक्षी घेते :ड

कोकणातली_ओल
सातबारा, रेघ फीडरमधून (वरून पानं आपोआप ओढणारा भाग) काढलेल्या पानांवरच येते ना? मग मोठी काच पुसून उपयोग नाही. तिच्या डाव्या बाजूला बोटभर रुंदीची वेगळी पट्टी असते, फीडरचं पान तिच्यावरून सरकतं. तिच्यावर व्हाइटनरचा मोहरीएवढा ठिपका चिकटला तरी पानभर रेघ, कारण कॅमेरा एकाच जागी थांबून पान पुढे जातं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ठिपका दिसतो. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि नखाने खरवडा, ब्लेडने नाही.

सातबारा
ठिपका सापडला! व्हाइटनरच होतं. आता दोन-दोन पानं एकदम ओढतोय.

कोकणातली_ओल
जुलैत कागद ओला. गठ्ठा पंख्याखाली तासभर पसरा, मग चारही बाजूंनी फुलवून लावा, एका वेळी वीसच. तरी ओढलीच तर रबराचा रोलर तशाच दुसऱ्या कापडाने पुसा, पण पाण्याने. अल्कोहोलने रबर कडक होतं.