आईची खालची दाढ उभी चिरलीय. ब्रिज, इम्प्लांट की काढती-घालती कवळी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही म्हणून. आई ६४ वर्षांची, कराडला असते, मी पुण्यात. तिच्या खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेला बऱ्याच वर्षांपूर्वी रूट कॅनल करून कॅप बसवली होती, छान चालली होती. दिवाळीनंतर एकदा जेवताना भातात खडा आला आणि कट्टकन आवाज झाला म्हणते. तेव्हा फार दुखलं नाही म्हणून तिने कुणाला सांगितलंही नाही. मग तिथल्या हिरडीवर पुटकुळी यायला लागली, ती फुटते, तोंडात खारट पाणी येतं, दोन दिवस बरं वाटतं की परत भरते.

कराडच्या डॉक्टरांनी एक बारीक खुणा केलेली सळई दाढेच्या कडेने हिरडीत घालून बघितली, मी शेजारीच उभी होते. सगळीकडे २-३ मिलिमीटर आत जात होती आणि बाहेरच्या अंगाला एकाच जागी एकदम ९! एक्स-रे बघून म्हणाले मुळाला उभी चीर गेलीय, ही दाढ आता ठेवता येणार नाही. पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर तेही काढायचंच म्हणाले, त्यामुळे तेवढ्यावर एकमत आहे.

पुढे काय लावायचं यावर मात्र नाही. कराडचे म्हणतात शेजारचे दोन दात तासून तीन दातांचा ब्रिज करू, २१ हजार. पुण्याचे म्हणतात इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, कॅपसकट ४२ हजार. काढती-घालती कवळी तीन-चार हजारात होईल असंही कराडला सांगितलं. भाऊ शारजात आहे, तो फोनवर एकच म्हणतो, इम्प्लांट कर, पैशाचं मी बघतो. आणि आई म्हणते आता या वयात हाडात स्क्रू कशाला ठोकून घेऊ, काढा आणि सोडून द्या, मी खाते की उजव्या बाजूने.

आईला शुगर आहे, गोळ्या चालू, तीन महिन्यांची सरासरी ७.४ आलीय. मागे मनगट फ्रॅक्चर झालं तेव्हापासून हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी पण चालू आहे, चार-पाच वर्षं तरी झाली असतील. तिला ज्वारीची भाकरी कडक लागते, शेंगदाण्याची चटणी लागते, तिचं जेवण कमी होऊ नये एवढंच मला वाटतं. कोणी या सगळ्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

ठाकुर्लीकर

ताई, माझा ब्रिज आहे, उजवीकडे खाली, अगदी तुमच्या आईच्याच जागी, आणि दहा वर्षं होऊन गेली तरी एकदाही त्रास नाही. पण माझ्या दोन्ही बाजूच्या दातांवर आधीच मोठमोठी फिलिंग्ज होती, त्यांना आज ना उद्या कॅप लागणारच होती, त्यामुळे ते तासले याचं काही वाटलं नाही. दोन-तीन आठवड्यात काम संपलं, ना ऑपरेशन ना टाके.

फक्त सफाईचं आईंना नीट समजावून द्या. ब्रिजचा मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याच्या खाली ब्रश पोचत नाही. मी रोज रात्री तो जाड स्पंजसारखा फ्लॉस मिळतो ना, एका टोकाला कडक असतो, तो खालून ओवून घेतो. आरशासमोर पाच मिनिटं जातात. हे होणार नसेल तर आधाराच्या दाताला कॅपच्या आतून कीड लागते आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. माझ्या मोठ्या भावाचा ब्रिज असाच गेला, एक दात नव्हता तिथे आता दोन नाहीत.

दंतवैद्य_नाशिक

प्रॅक्टिस करतो म्हणून लिहितोय, पण एक्स-रे न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी ती आठवड्याची गोळी. ती बहुधा अलेंड्रोनेट किंवा त्याच जातीतलं काहीतरी असणार. ही औषधं घेणाऱ्यांमध्ये कधी कधी दात काढल्यावर जबड्याचं हाड भरत नाही, उघडं पडतं. गोळ्यांवर असलेल्यांमध्ये हे फार क्वचित होतं, कॅन्सरसाठी शिरेतून इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये धोका बराच जास्त. पण क्वचित असलं तरी दात काढणाऱ्याला आधी माहीत हवंच. लोकांना वाटतं हा प्रश्न फक्त इम्प्लांटचा आहे, तसं नाही, नुसती दाढ काढतानाही तो आहे. दोन्ही डेंटिस्टना सांगितलंय का? आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घरच्या घरी बंद करू नका, मनगट एकदा मोडलेलं आहे, उद्या खुबा मोडला तर दाताचं कोण विचारतो.

चिरेबद्दल, तुम्ही सांगितलं ते चित्र अगदी ठरलेलं आहे. एकाच जागी खोल खड्डा, वर पुटकुळी, आतून रूट कॅनल झालेली दाढ. अशी चीर चिकटवता येत नाही. आणि ती तशीच ठेवली तर पू बाहेरच्या बाजूची हाडाची पातळ भिंत खात राहतो, तीच भिंत उद्या इम्प्लांटला लागते. म्हणून मी म्हणेन काढायचा निर्णय आत्ता घ्या, लावायचा निर्णय नंतर घेतला तरी चालतो. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या की घरात चर्चा चालत राहते आणि दाढ तिथेच सडत राहते, हे मी फार घरांमध्ये बघतो.

आता मला एक सांगा, पुढचा आणि मागचा दात कसा आहे? कॅप आहे, फिलिंग आहे, की अगदी कोरा? तुमचा अर्धा निर्णय त्यावर आहे. कोरा दात ब्रिजसाठी तासायचा म्हणजे चारही बाजूंनी त्याचं इनॅमल उतरवायचं, ते परत कधी येत नाही, आणि त्यातल्या काहींना पुढे रूट कॅनल करावं लागतं.

पेडणेकार

माझ्या सासूबाईंची काढती कवळी आहे म्हणून लिहिते. आम्ही बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमध्ये केली, वेळ लागतो, शिकणारी मुलं करतात पण वर सर उभे असतात, काम व्यवस्थित झालं. मुंबईला सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि नायरचं कॉलेज आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी आहेत. खासगीतले आकडे ऐकून घाबरला असाल तर एकदा बघायला हरकत नाही.

पण ताई खरं सांगू का, सासूबाईंचे बरेच दात नाहीत म्हणून त्या कवळी घालतात. एकाच दाढेसाठी रोज काढायची, धुवायची, रात्री पाण्यात ठेवायची, हे तुमच्या आई महिनाभर करतील आणि मग ती डबीत पडून राहील असं मला वाटतं. त्या आत्ताच म्हणतायत ना सोडून द्या म्हणून.

दंतवैद्य_नाशिक

पेडणेकार ताई, बरोबर बोललात, आणि त्यात आणखी एक. एका दाताची इवलीशी काढती कवळी, एकाच बाजूला पकड असलेली, कोणी देत असेल तर घेऊ नका. ती झोपेत किंवा जेवताना निसटून गिळली जाते, श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. काढती करायचीच तर दोन्ही बाजूंना पकड असलेली करायची, मग ती जिभेखालून आडवी जाते आणि बऱ्याच जणांना तेच नकोसं होतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर, गोळीचं पुण्यात सांगितलं होतं, कराडला सांगायचं राहिलं, त्यांनी विचारलंही नव्हतं. आजच फोन केला.

दातांचं म्हणाल तर पुढच्या छोट्या दाढेला पण रूट कॅनल झालंय, कॅप आहे. मागची दाढ एकदम कोरी, साधं फिलिंगही नाही. म्हणजे निम्मं ब्रिजच्या बाजूने आणि निम्मं विरोधात असं झालं का? कराडचे म्हणाले पुढच्याला नाहीतरी कॅप आहेच, तीच बदलून ब्रिजमध्ये घेऊ. आणि आईला एकच भीती, शरीराने तो स्क्रू स्वीकारलाच नाही तर? शेजारच्या काकूंनी तिला सांगून ठेवलंय की बाहेरची वस्तू शरीर फेकून देतं.

माहीमचा_मंदार

माझं इम्प्लांट झालंय गेल्या वर्षी, मी पण हेच विचारून डॉक्टरांचं डोकं खाल्लं होतं, मग स्वतः वाचत बसलो. ब्रॉनेमार्क नावाचा स्वीडिश सर्जन होता, १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडात टायटॅनियमच्या छोट्या नळ्या बसवून तो रक्तपुरवठ्याचा अभ्यास करत होता, आणि काम झाल्यावर त्या काढायला गेला तर निघेनात, हाड थेट धातूला धरून वाढलेलं. तिथून ही सगळी कल्पना आली. १९६५ मध्ये त्याने गोस्टा लार्सन नावाच्या माणसाला पहिल्यांदा असे दात बसवले आणि तो २००६ मध्ये वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर, ते त्याच्या तोंडात होते. आईंना हे सांगा. टायटॅनियमला शरीर परकं मानून फेकून देतं असं सहसा होत नाही. जे फेल होतात ते इन्फेक्शनने, तंबाखू-सिगरेटने, शुगर हाताबाहेर असल्याने किंवा मुळात हाड कमी असताना घाईने बसवल्याने.

बाकी ऑपरेशन ऐकायला मोठं वाटतं पण मला दाढ काढताना जास्त त्रास झाला होता. खरा त्रास म्हणजे वाट बघणं, स्क्रू बसवला की खालच्या जबड्यात साधारण तीन महिने तसाच ठेवतात आणि मग वर कॅप. आणि एक, मेडिक्लेममध्ये काही मिळेल अशी आशा धरू नका, अपघात सोडला तर दाताचं बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत.

दंतवैद्य_नाशिक

मंदार यांनी चांगलं लिहिलंय. कृष्णाकाठ, निम्मं-निम्मं नाही, मला वाटतं पारडं एका बाजूला झुकतंय. पुढच्या दाताला कॅप आहे म्हणून तो ब्रिजला सोयीचा, असं वरवर दिसतं. पण ती छोटी दाढ आहे, एका मुळाची असणार, आणि रूट कॅनल झालेली. आज ती फक्त स्वतःचा भार घेतेय. ब्रिज झाला की गेलेल्या मोठ्या दाढेचा अर्धा भारही तिच्यावर, आणि कडक भाकरी चावणाऱ्या बाई. खडा लागून जे या दाढेचं झालं तेच तिचं व्हायची शक्यता मी तरी नाकारणार नाही. ती गेली की पूर्ण ब्रिज गेला, आणि मागची कोरी दाढ तासून बसलेली ते वेगळंच.

म्हणून तब्येत आणि हाड दोन्ही साथ देत असतील तर माझा कल इम्प्लांटकडे. तुमच्या भावासारखं महाग ते चांगलं म्हणून नाही. हेच दोन्ही शेजारी मजबूत आणि आधीच कॅपवाले असते तर मी ठाकुर्लीकरांसारखा ब्रिजच सांगितला असता, आणि हीच दाढ सगळ्यात मागची असती तर काहीच लावू नका म्हणालो असतो. सोडून देणं हा आईंचा पर्याय वेडगळ नाहीये. पण पहिल्या दाढेची जागा रिकामी राहिली तर मागची दाढ हळूहळू पुढे कलंडते, वरची खाली उतरते, मध्ये अन्न अडकायला लागतं. सगळ्यांना होतं असं नाही, या वयात वेगही कमी असतो, पण मग नंतर लावायचं ठरलं तर जागा उरत नाही.

दाढ काढल्यावर जखम भरायला दोन-तीन महिने तसेही थांबायचंच आहे, कारण आत पू आहे. त्या काळात आईंना स्वतःलाच कळेल एका बाजूने जेवण जमतंय का. मग सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्री-डी एक्स-रे, काढायचा, त्यात हाडाची रुंदी दिसते आणि खालच्या ओठाला जाणारी नस किती खोल आहे ते दिसतं, तिच्यापासून २ मिलिमीटर तरी लांब राहावं लागतं. फार वर्षभर मात्र लांबवू नका, दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी सगळ्यात जास्त कमी होते, कधी कधी जवळजवळ निम्मी. शुगर ७.४ वर मी अडवणार नाही, आठच्या पुढे गेली तर आधी ती खाली आणा म्हणेन.

इम्प्लांट कुणाकडेही करा, पण कंपनी, जाडी, लांबी लिहिलेलं स्टिकर फाइलला लावून घ्या आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. दहा वर्षांनी वरचा स्क्रू ढिला झाला आणि कंपनीच माहीत नसली तर दुसरा डॉक्टर हतबल होतो. आणि कॅप स्क्रूने बसणारी करता येईल का विचारा. ती परत उघडता येते, सिमेंटने चिकटवली की जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून तिथेच सूज सुरू होते कधी कधी.

कृष्णाकाठ

डॉक्टर, काढायचं आणि लावायचं वेगळं करा म्हणालात ना, त्याने घरातली अर्धी भांडणं मिटली. आईला सांगितलं की आत्ता फक्त दाढ काढायची, पुढचं तू जेवून बघ आणि तूच ठरव, तर लगेच तयार झाली. लार्सनचं पण सांगितलं, चाळीस वर्षं म्हटल्यावर गप्प बसून ऐकलं तिने. हाडांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, ते म्हणाले दाढ काढायला हरकत नाही, गोळीचं काय करायचं ते मी डेंटिस्टशी बोलून सांगतो. पुण्यातच काढायचं ठरलंय, पुढच्या आठवड्यात आणते तिला. भाऊ अजून इम्प्लांटवर अडून आहे पण त्याला म्हटलं स्कॅन येऊ दे.

त्या दिवशी शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं? उपाशी न्यायचं का?

दंतवैद्य_नाशिक

अजिबात उपाशी नाही. सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची शुगरची गोळी घेऊनच आणा, नाहीतर भीती आणि उपास मिळून साखर खाली जाते आणि खुर्चीतच चक्कर येते. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असू द्या. काढल्यावर त्या दिवशी चुळा भरायच्या नाहीत, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, रक्ताची गुठळी निघून गेली की खरं दुखणं सुरू होतं. गार ताक-भात, पेज, मऊ खिचडी चालेल. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू चुळा. आणि दोन-तीन आठवड्यांनी दुखत नसलं तरी ती जागा डॉक्टरांना परत दाखवा, हाडांच्या गोळीमुळे, वरची हिरडी पूर्ण मिटलीय ना एवढं बघायला.