मदत हवी आहे : महिन्याभरात मुलीची उंची घटली, आता काय भरू?

जव्हारजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे, रुजू होऊन चारच महिने झालेत. एका मुलीच्या मापांनी डोकं भंजाळलंय.

गेल्या महिन्यात ती २३ महिन्यांची होती. इन्फँटोमीटरवर निजवून लांबी भरली ८२.४ सेंमी. परवा दोन वर्षं पूर्ण झाली म्हणून उभं करून मोजलं, तर ८२. पर्यवेक्षिका म्हणाल्या, "पोर काय आटतं? नीट मोजत नाहीस तू."

दुसरं, वजन ९ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे उंचीनुसार वजनात ती साधारण गटात बसते. पण दंडाचा घेर मोजायच्या रंगीत पट्टीवर १२.३ सेंमी, पिवळा रंग, म्हणजे मध्यम कुपोषण! आई म्हणते पोरगी खाते-खेळते, कुपोषितात नाव घालू नका. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. खरं कुठलं धरू?

प्रतिसाद १
ताई, पोर आटलेलं नाही. निजवून घेतलेलं माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त येतं. दोन वर्षांखाली निजवून आणि पुढे उभं मोजायचं, असा नियम आहे, म्हणून हा फरक दिसला. तुमच्या ८२ मध्ये ०.७ मिळवले की ८२.७ होतात, म्हणजे वाढच आहे. आता वाढ ०.३ म्हणजे जरा कमीच, या वयात महिन्याला पाऊण सेंमी तरी अपेक्षित. गेल्या वेळी डोक्यावर शेंडी बांधली होती का? आमच्याकडे एकीचा रबरबँड फळीला टेकून अर्धा सेंमी वाढला होता. पर्यवेक्षिकाबाईंना हे ०.७ सांगाच.

प्रतिसाद २
दंडाबद्दल. डावाच हात घेतला ना? कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं हाड ते कोपराचं टोक यांच्या मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. आवळली की हमखास कमी येतं.

तरीही १२.३ च आलं, तर ती मॅममध्येच. ११.५ ते १२.५ मधलं मूल मॅम म्हणजे मध्यम कुपोषित, ११.५ खाली सॅम म्हणजे तीव्र कुपोषित. वजन-उंची आणि दंडघेर ही दोन वेगळी मापं आहेत, दोन्हींत नेहमी तीच मुलं सापडतात असं नाही. एकात जरी बसली तरी नाव घ्यायचं, सोयीचं माप निवडायचं नाही. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूजही बघा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी सॅम.

धागाकर्ती
शेंडी होती! दंड आज पुन्हा मोजला, दंडातला काळा दोरा वर सरकवून. १२.४. नाव घालते. आईशी मीच बोलेन, "कुपोषित" न म्हणता.

तिचा भाऊ सात वर्षांचा, काडीसारखा आहे. त्यालाही हीच पट्टी लावू?

प्रतिसाद २
नको, हे रंग ६ ते ५९ महिन्यांपुरतेच. त्याच्या वयाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) वयाच्या तक्त्यात बघतात, उणे दोनच्या (मध्यापासून दोन प्रमाण विचलन खालच्या रेषेच्या) खाली गेला तर कृश. शाळेत तपासणीचं पथक येईल तेव्हा त्याला गैरहजर राहू देऊ नका.