मॅनिफोल्डला कुठला रंग टिकेल? मदत हवी आहे

मंडळी, बाबांची जुनी पेट्रोल जीप परत रस्त्यावर आणायचं चाललंय, इंजिन उतरवलंय आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका गरम धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग) बाहेर काढलाय. बिडाचा आहे, गंजाचे पापुद्रे नखाने निघतायत. मागच्या वेळी गॅरेजवाल्याने साधा सिल्वर मारला होता, तो पहिल्याच घाटात जळला, धूर असा की बायको म्हणाली गाडी पेटली!

आता सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज काढणं) करून घेणारे. पुढे काय ते ठरत नाहीये. एक म्हणजे सिलिकॉनवाला हीट पेंट, डब्यावर ६०० डिग्री लिहिलंय, स्वस्त आहे, पण इंजिन टप्प्याटप्प्याने तापवून तो पक्का करावा लागतो म्हणे आणि हेडजवळ, जिथून धूर इंजिनातून मॅनिफोल्डमध्ये येतो त्या पोर्टपाशी, तो आधी उडेल असं वाटतं. दुसरं सिरॅमिक कोटिंग, ते टिकतं, बॉनेटखालची उष्णताही कमी होते, पण खर्च जीपच्या मानाने जास्तच. क्रोम नको, निळं पडतं. उष्णता अडवणारी पट्टी मॅनिफोल्डवर गुंडाळायला मन धजत नाही, आमच्याकडे पावसाळा चार महिने, आत ओल धरून गंज वाढायचा.

बिडावर सिरॅमिक कोणी केलंय का? आतूनपण करून घ्यावं की बाहेरून पुरे? आणि पेंटच मारला तर खाली प्रायमर लागतो का, की डायरेक्ट उघड्या लोखंडावर?